आपल्या गटाचं पान मोबाइलवर नीट दिसतंय का?



आपल्या संघातल्या काही गटांची आता स्वतःची वेबसाइट आहे. कुणाच्या लेकीनं कॉलेज करत घरच्या लॅपटॉपवर केली, कुणाला भाच्यानं करून दिली. खर्च फार आला नाही, कौतुक मात्र खूप झालं. पण सभेला आले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मॅडम, आमचं पान बिघडलंय बघा.’ काय बिघडलंय विचारलं तर उत्तर येतं, ‘कसंतरीच दिसतंय.’ एवढ्यावरून ती पोरगी तरी काय दुरुस्त करणार? म्हणून या वेळी पान का बिघडतं आणि दुरुस्ती कशी सांगायची, ते लिहितेय. कोडिंग शिकायची गरज नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. मागच्या दिवाळीआधी एका गटाचं दरपत्रक मी ऑफिसच्या संगणकावर बसून केलं. वस्तू, दर, वजन असे तीन रकाने. संगणकावर छान दिसलं, मी खूश. मग पुण्याहून एका बाईंची सहा पाकिटांची ऑर्डर आली. कांदा-लसूण चटणीचा दर १८० रुपये, तो पाव किलोचा होता. पण त्यांच्या मोबाइलवर वजनाचा रकाना पडद्याच्या बाहेर गेलेला. पान बोटानं बाजूला सरकवल्याशिवाय तो दिसतच नव्हता. त्यांना वाटलं, दर अर्ध्या किलोचा आहे. गटानं शब्द मोडला नाही, त्याच दरात अर्धा-अर्धा किलो दिली. १०८० रुपये अंगावर पडले, ते माझ्या एका रकान्यापायी. मी ते पान मोबाइलवर एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

असं का होतं?

पडद्याची रुंदी पिक्सेल या मापात मोजतात. लॅपटॉपची रुंदी बहुतेक वेळा १३६६ किंवा त्याहून जास्त असते. आपल्या हातातल्या मोबाइलची साधारण ३६० ते ४१० धरली जाते. म्हणजे पाव हिश्श्याच्या आसपास. बाजेवर पापड वाळत घालताना ओळीत जागा संपली की पुढचा पापड खालच्या ओळीत जातो. पानावरचा मजकूर तसाच आपोआप खाली सरकतो. पण फोटो आणि तक्ता हे लाकडी फळीसारखे. बाज लहान आणि फळी मोठी असली की फळी बाहेर येणारच.

आणि आपलं गिऱ्हाईक पान बघतं ते मोबाइलवरच. आपल्याच जिल्ह्यात वारणानगरला १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा भागातल्या ७० गावांत ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रं काढायची ती योजना होती. पुढे २००७ च्या सुमारास तिथल्याच काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून, एसएमएसनं उसाची माहिती द्यायचा प्रयोग झाला आणि तो लोकांना सोयीचा वाटला. आपण मात्र अजून पान संगणकावर करतो आणि संगणकावरच तपासतो. चूक तिथंच होते.

आता एकेक लक्षण बघू.

१. सगळंच पान बारीक दिसतंय, दोन बोटांनी मोठं करावं लागतंय. पानात ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ नसली की असं होतं. ही ओळ नसेल तर मोबाइल समजतो की पान संगणकासाठी केलंय. मग तो ते साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि दाबून लहान करून दाखवतो. पानाच्या ‘हेड’ भागात एकच ओळ घालायची असते: रुंदी या मोबाइलएवढी धर. पोरीला एवढंच सांगा, ‘व्ह्यूपोर्टची ओळ आहे का बघ.’ सगळ्यात आधी हेच तपासायचं.

२. पान डावीकडं-उजवीकडं हलतंय. म्हणजे कुठली तरी फळी बाहेर आलीय. बहुतेक वेळा तो फोटो असतो. फोटोची रुंदी ८०० पिक्सेल अशी ठरवून टाकली असेल तर तो मोबाइलवर मावत नाही. त्याला ‘जास्तीत जास्त रुंदी १०० टक्के, उंची आपोआप’ असं सांगायचं. उंची आपोआप ठेवली नाही तर लोणच्याची बरणी चेपल्यासारखी दिसते.

फोटो मावतात तरी पान हलतंय, तर चौकटी तपासायच्या. चौकटीची रुंदी १०० टक्के ठेवली आणि आतून मोकळी जागा सोडली, तर ती जागा रुंदीत वाढते आणि चौकट बाहेर येते. त्यावर ‘बॉर्डर-बॉक्स’ नावाची एक सूचना आहे. ती दिली की मोकळी जागा रुंदीच्या आतच धरली जाते.

३. दराचा तक्ता अर्धा दिसतोय. माझं झालं तेच. मोबाइलवर दोनपेक्षा जास्त रकाने ठेवू नका. वजन वेगळ्या रकान्यात न टाकता वस्तूच्या नावालाच जोडा: ‘कांदा-लसूण चटणी, पाव किलो’ आणि समोर दर. काही गट दरपत्रकाचा कागद लिहून त्याचा फोटो टाकतात. तो मोबाइलवर वाचता येत नाही आणि दर बदलला की पुन्हा नवा फोटो काढावा लागतो. दर नेहमी टाइप करूनच घाला.

४. मराठी अक्षरं तुटतात किंवा भलतंच काहीतरी दिसतं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पानावर टाकला, तर ज्याच्याकडं तो फॉन्ट नाही त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर आपण लिहितो ते युनिकोडच असतं. वेलांट्या आणि उकार कापले जात असतील तर दोन ओळींमधलं अंतर वाढवायला सांगा, अक्षराच्या दीडपट ठीक पडतं. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. इंग्रजीला ते शोभतं, आपल्या अक्षरांची वरची रेघ त्यानं तुटते.

५. एका ठिकाणापासून खाली सगळंच ठळक झालंय किंवा मधोमध आलंय. कोडमध्ये एखादी खूण सुरू केली आणि बंद करायची राहिली की असं होतं. जिथून बिघाड दिसायला लागतो, त्याच्या जरा वर शोधायचं. चूक बहुधा तिथंच सापडते.

दुरुस्ती करताना

रोकड वहीत शिल्लक जुळली नाही की आपण काय करतो? शेवटची शिल्लक कधी जुळली होती ते बघतो आणि तिथून पुढच्या नोंदी तपासतो. इथंही तसंच. आधी चालू पानाची एक प्रत बाजूला ठेवायची. मग एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच मोबाइलवर बघायचं. पाच बदल एकदम केले तर कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं, काही कळत नाही. बदल करूनही जुनंच पान दिसत असेल तर घाबरू नका. मोबाइल कधीकधी साठवून ठेवलेलं पान दाखवतो. पान रिफ्रेश करा, किंवा ते दुसरीच्या मोबाइलवर उघडून बघा.

सांगायचं कसं?

‘बिघडलंय’ एवढंच सांगू नका. तीन गोष्टी सांगा: कुठल्या मोबाइलवर बघितलं, पानाचा कुठला भाग चुकलाय, आणि कधीपासून. सोबत स्क्रीनशॉट पाठवा. ‘माझ्या मोबाइलवर दराचा शेवटचा रकाना दिसत नाही, सोमवारी नवीन फोटो टाकल्यापासून,’ असं सांगितलं की अर्धं काम तिथंच झालं. वेबसाइट पोरीनं केली असली तरी ती गटाची आहे. दर गटाचे आहेत, आणि तोटा झाला तर तोही गटाचाच.

पुढच्या सभेत बचत जमा झाली की दहा मिनिटं काढा. गटातला सगळ्यात लहान आणि जुना मोबाइल मागून घ्या. ज्या ताईंनी पान अजून बघितलंच नाही, त्यांच्या हातात तो द्या आणि विचारा, ‘चटणी किती रुपयाला, केवढी मिळते, आणि फोन कुठं लावायचा?’ त्यांना काही न सरकवता, न विचारता तिन्ही सांगता आलं, तर पान नीट आहे. नाही सांगता आलं, तर कुठं अडलं ते ठराव वहीत लिहून ठेवा. मी सभेला आले की आपण तिथूनच सुरुवात करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक