अरणगावच्या टेकडीवरचं विरहगीत

३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगावजवळच्या मेहेराझाद आश्रमात आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी देह ठेवला. तो अरणगावच्या टेकडीवर आणला गेला. आठवडाभर लोक दर्शनाला येत राहिले आणि ७ फेब्रुवारीला समाधी बंद झाली. त्या दिवसांत तिथे एका अमेरिकी गाण्याची तबकडीही वाजली. कोल पोर्टर यांनी १९३५ मध्ये ‘ज्युबिली’ या संगीतिकेसाठी लिहिलेलं ते गाणं होतं, ‘बिगिन द बिगीन’. ते तिथे वाजावं ही बाबांचीच इच्छा होती.

नगर-दौंड रस्त्यावरच्या या माळावर अमेरिकी गाणं कसं पोचलं, हे समजायचं तर बाबांचा कान कसा घडला ते पाहावं लागतं. पुण्याच्या इराणी घरात १८९४ साली जन्मलेले मेरवान तरुणपणी गोड गळ्याने गात आणि ‘हुमा’ या नावाने गझला रचत. हाफिज हा त्यांचा आवडता कवी. गुजराती आरती त्यांनी स्वतः रचली. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं आणि ते अखेरपर्यंत पाळलं. गाणारा माणूस गप्प झाला, पण ऐकणं थांबलं नाही. कव्वाली त्यांना प्रिय होतीच; तिच्या शेजारी त्यांनी एका टेक्सासच्या गायकालाही जागा दिली.

तो गायक जिम रीव्ह्ज. जन्म १९२३ चा. आधी बेसबॉलचा खेळाडू, दुखापतीनंतर रेडिओ निवेदक, मग कंट्री गायक. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शेतकरी आणि कष्टकरी वस्त्यांत वाढलेलं हे संगीत. फिडल, गिटार आणि मोकळ्या गळ्याची खडी फेक ही त्याची जुनी ओळख. रीव्ह्ज यांनी मात्र १९५७ च्या ‘फोर वॉल्स’मध्ये मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन खालच्या पट्टीत, कानाशी बोलावं तसं गायलं. नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स यांनी त्या आवाजामागची वाद्यं मवाळ केली. असा हळू आवाज सभागृहापेक्षा घरातल्या ग्रामोफोनवर जास्त भिडतो. त्यामुळेच तो दूरदूरच्या घरांत शिरला. मेहेरबाबांना आवडलेलं त्यांचं गाणं होतं ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’. मनातली एक कळ पाठ सोडत नाही, एवढाच त्याचा आशय.

हाच आवाज युरोपच्या उत्तरेलाही पोचला. एप्रिल १९६४ मध्ये रीव्ह्ज नॉर्वेत गायले आणि तिथे त्यांच्या तबकड्यांना अफाट मागणी आली. ३१ जुलैला नॅशव्हिलजवळ वादळी पावसात त्यांचं छोटं विमान कोसळलं. वय अवघं चाळीस. बाबांचं आवडतं ते गाणं ब्रिटनमध्ये गाजलं ते त्याच वर्षी, गायक गेल्यानंतर.

स्कँडिनेव्हियातलं कंट्री संगीताचं हे प्रेम पुढे ऐकण्यावर थांबलं नाही. स्टॉकहोमच्या उपनगरातल्या क्लारा आणि योहाना सोडरबर्ग या बहिणी ‘फर्स्ट एड किट’ या नावाने गाऊ लागल्या. २००८ मध्ये जंगलात बसून गायलेल्या एका अमेरिकी गाण्याच्या चित्रफितीने त्यांचं नाव झालं. ‘द लायन्स रोअर’ हा संग्रह त्यांनी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात ध्वनिमुद्रित केला. तो २०१२ मध्ये आला. त्यातलं ‘एमिलू’ हे गाणं एमिलू हॅरिस आणि ग्रॅम पार्सन्स, जून कार्टर आणि जॉनी कॅश या कंट्री गायकांच्या जोड्यांना केलेला नमस्कार आहे. २०१५ मध्ये एमिलू हॅरिस यांना स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला, तेव्हा या बहिणींनी त्यांच्यासमोर त्यांचंच गाणं गायलं. गुरूचं घर सातासमुद्रापार असलं, तरी रियाज खरा असेल तर शिष्य त्याच्या दारी पोचतो.

परक्या गाण्याची ही साधना नगरला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात होतं आणि पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवून चर्चमध्ये गायले जात. चालीचा आघात एकीकडे आणि मराठी अक्षराचा ऱ्हस्व-दीर्घपणा दुसरीकडे, अशी ओढाताण त्यात होई. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी नगरात राहून ही ओढाताण सोडवली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तोच पूल त्यांनी गाण्यातही बांधला. ख्रिस्तकथा अभंगात आणि ओवीत उतरली, कीर्तनात टाळांच्या साथीने उभी राहिली. सोडरबर्ग बहिणींनी दूरची शैली आपल्या गळ्यावर चढवली. टिळकांनी दूरची कथा आपल्या छंदात आणली. वाटा उलट आहेत, पण दोन्हीकडे निष्ठा एकच: ज्या रूपात गायचं, त्याचे नियम मनोभावे पाळायचे.

अरणगावची कथाही इथे थांबत नाही. ‘द हू’ या लंडनच्या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड मेहेरबाबांचे अनुयायी. १९७१ च्या त्यांच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ हेच. १९७२ च्या ‘हू केम फर्स्ट’ या संग्रहात त्यांनी बाबांच्या प्रार्थनेवरून ‘परवरदिगार’ गायलं आणि त्याच तबकडीवर रीव्ह्ज यांचं ते आवडतं गाणंही घेतलं. टेक्सासच्या माणसाचा आवाज नगरच्या माळावर रुजला आणि इथली भक्ती घेऊन लंडनला गेला.

मला यात नवल वाटत नाही. याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि त्याच ज्ञानदेवांच्या विरहिण्यांमध्ये देवाची वाट पाहणारी स्त्री बोलते. प्रिय माणूस दूर आहे, ही कळ साधकाची असो की कंट्री गायकाच्या एकाकी प्रियकराची, ऐकणाऱ्याला ती ओळखीची वाटते. मौनात असलेल्या बाबांनी रीव्ह्ज यांच्या गाण्यात हीच विरहिणी ऐकली असावी. विरहाचा सूर ज्या मातीने सातशे वर्षं ऐकला, तिला तो टेक्सासच्या आवाजातही परका वाटला नाही.