पहिल्या बारसाठी गाणी बसवताना

बारमध्ये पहिल्यांदा गाणार असलेला बँड तालमीला बसला की पहिला हिशोब संख्येचा होतो: तीस गाणी पुरतील की पन्नास लागतील? माझ्या मते संख्या नंतर ठरवली तरी चालते. कोणतं गाणं कशानंतर यायचं आणि ते चालू असताना समोरची माणसं काय करत असणार, हे आधी ठरवावं लागतं. ईश्वरपूरच्या (पूर्वीचं इस्लामपूर) एखाद्या तरुण बँडला हे शिकायला फार लांब जायला नको, मग त्यांचा पहिला कार्यक्रम पेठ नाक्याजवळ असो, कोल्हापुरात असो की पुण्यात. ईश्वरपूर ज्या वाळवा तालुक्याचं मुख्य ठिकाण आहे, त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षमध्ये 1866 साली पठ्ठे बापूरावांचा जन्म झाला. ज्या तमाशासाठी त्यांनी आयुष्यभर कवनं रचली, त्या तमाशाने क्रमाचं हे शास्त्र कधीच पक्कं केलं होतं.

तमाशात आधी ढोलकी-हलगी कडाडते, मग गणपतीला वंदन करणारा गण, मग गवळण, विनोदी बतावणी, आणि कथानक असलेला वग त्यानंतरच. ही मांडणी परंपरेपुरती नाही, तिला व्यवहाराचा आधार आहे. वाद्यं वाजतात तेव्हा लोक अजून जागा धरत असतात. गणाच्या वेळी गर्दी स्थिरावते, गायकाचा गळा मोकळा होतो. गवळणीतली मावशी आणि पेंद्या ही पात्रं हसवून लोकांना आपलंसं करतात, आणि लक्ष देऊन ऐकावा लागणारा वग तेवढी तयारी झाल्यावरच सुरू होतो. याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी लोकनाट्यात गणाचा आशय बदलला, गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं. पण सुरुवातीच्या वंदनाची जागा ठेवली. आशय बदलूनही ती जागा टिकते, याचा अर्थ तिची गरज ऐकणाऱ्यांकडूनच येते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तमाशाचा प्रेक्षक तमाशाच बघायला आलेला असतो. बारमधला माणूस मित्रांशी बोलायला, खायला-प्यायला आलेला असतो, गाणं त्याच्यासाठी दुय्यम. हे खरंच आहे. पण म्हणूनच क्रमाचं महत्त्व इथे वाढतं, कारण लक्ष गृहीत धरता येत नाही, ते हळूहळू मिळवावं लागतं. समजा, दोन तासांचा कार्यक्रम आहे. मधली विश्रांती आणि बोलणं वजा केलं तर गायला दीड तास उरतो. एका गाण्याला साडेचार मिनिटं धरली तर वीस गाणी होतात. पहिली पाच-सहा अशी हवीत की त्यांच्यावरून गप्पा मारता याव्यात: मध्यम लय, मध्य सप्तक, ओळखीची चाल. याच वेळात माइकचा आवाजही जुळवून घेता येतो. सगळ्यांनी सोबत म्हणावं असं गाणं अर्ध्या रिकाम्या खोलीत गायलं की वाया जातं. ते उत्तरार्धासाठी राखावं.

क्रम ठरवताना गळ्याचाही विचार करावा लागतो, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. मूळ रेकॉर्डची पट्टी त्या गायकाच्या गळ्याला बेतलेली असते. लता मंगेशकरांची कितीतरी गाणी ज्या उंचीवर जातात, तिथे सामान्य गळा एखाद्या वेळी पोचतो, पण दीड तासाच्या शेवटी पोचत नाही. म्हणून पट्टी ठरवताना मुखडा सोडून अंतऱ्यातला सर्वांत उंच स्वर तपासावा, आणि तोही तालमीच्या शेवटी, थकलेल्या आवाजात. गरज पडली तर पट्टी खुशाल दोन स्वर खाली आणावी. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं ते याचसाठी. उंच स्वरांची दोन गाणी लागोपाठ ठेवू नयेत. उलट एकाच पट्टीतली, एकाच केहरव्यावर चालणारी दोन-तीन गाणी न थांबता जोडता येतात. पहिल्याच कार्यक्रमात दोन गाण्यांमधली ती अवघडलेली शांतता फार जाणवते. म्हणून तालीम गाण्यांइतकीच त्यांच्या सांध्यांचीही करायची.

शब्द मोबाइलवर मिळतात, मग पाठ कशाला, असंही कुणी म्हणेल. शब्द मिळतात, पण म्युझिक पीसनंतर गाणं नेमकं कुठे उचलायचं, ढोलक कुठे थांबतो, शेवट कसा करायचा, हे पडद्यावर दिसत नाही. फर्माईश आली की हेच उघडं पडतं. संगीत बारी या गाण्या-नाचाच्या तमाशाप्रकारात, बैठकीत फर्माईश हाच कार्यक्रमाचा प्राण. तिथल्या कलावतींनी त्यासाठी वर्षानुवर्षांचा साठा केलेला असतो. नव्या बँडकडे तो साठा नसतो, म्हणून वीस गाण्यांच्या जोडीला पाच-सहा पक्की बसवलेली जास्तीची गाणी ठेवावीत. न बसवलेलं गाणं मागितलं गेलं, तर त्याच गायकाचं दुसरं चांगलं गाऊन दाखवण्यात काहीही कमीपणा नाही.

दुसऱ्यांचीच गाणी गात राहिलो तर आपलं संगीत कधी घडणार, ही हळहळ मला मनापासून पटते. तरी इतिहास दिलासा देणारा आहे. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत नाचणाऱ्यांसाठी लोकप्रिय धून वाजवत, आणि तीच तयारी घेऊन संगीतकार सी. रामचंद्रांसोबत 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात उतरले. मात्र दुसऱ्यांची गाणी गायची तर एक व्यवहारही पाळावा लागतो: चित्रपटगीतं बारमध्ये गायला कॉपीराइट कायद्यानुसार परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीने तो आयपीआरएस ही संस्था देते. मालकाने तो काढला आहे का, हे तारीख पक्की करतानाच विचारावं. आणि स्वतःचं एक गाणं यादीत जरूर असावं: विश्रांतीनंतर लगेच नको, शेवटीही नको. उत्तरार्धातलं तिसरं किंवा चौथं ठेवावं, ज्याच्या आधी सगळ्यांना येणारं गाणं झालेलं असेल आणि ज्याच्या मागोमाग तसंच दुसरं येणार असेल.