पाचट, करवंटी आणि दहा गुंठे

एक ग्रॅम चांगला सक्रिय कार्बन घेतला आणि त्याच्या छिद्रांचा आतला पृष्ठभाग मोजला, तर तो हजार चौरस मीटरच्या घरात जातो. बागायतदाराच्या हिशेबात दहा गुंठे. हा आकडा वाचल्यापासून कित्येक वर्षं मी या काळ्या भुकटीच्या मागे आहे, आणि हा शोध मला पुन्हा पुन्हा बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडात आणून सोडतो.

साखर आणि कोळसा यांचं नातं तसं जुनंच. कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो, हे टोबियास लोविट्झला 1785 मध्ये रशियात दिसलं आणि लवकरच युरोपातले साखरवाले कोळसा वापरू लागले. पुढे हाडांचा कोळसा आला. स्वदेशीच्या काळात विलायती साखरेवर ‘हाडांनी शुद्ध केलेली’ असा आक्षेप घेतला गेला, तो यामुळेच. आपले बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाच्या धुरीवर रस निवळतात, तेव्हा तो वाद इथे संपतो.

खरी गोष्ट नीरेपलीकडे, फलटणला सुरू होते. डॉ. आनंद कर्वे यांची ओळख महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाई कर्व्यांचे चिरंजीव अशी करून दिली जाते आणि त्यांचं काम मागे राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वनस्पतिशास्त्राचा हा माणूस फलटणच्या निंबकर संस्थेत रमला आणि पुढे पुण्यात ‘आरती’ ही संस्था उभी करून पाचटाच्या प्रश्नाला भिडला. तोडणी झाली की हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात उरतं. जनावरं ते खात नाहीत, लवकर कुजत नाही, आणि खोडव्याची घाई असते. मग काडी लावली जाते.

त्यांची भट्टी पाहण्यासारखी. पाचट लोखंडी डब्यांत गच्च दाबायचं. डब्याला हवा जाण्याची वाट नाही, फक्त वायू बाहेर पडायला बुडाशी भोकं. डबे भट्टीत उभे करून खाली थोडं पाचट पेटवायचं. डबे तापले की आतलं पाचट वायू सोडू लागतं. तो भोकांतून बाहेर येऊन पेट घेतो आणि पुढची आच तोच पुरवतो. आत हवा नसल्याने राख होत नाही, कोळसा हाती येतो. त्यात खळ मिसळून कांड्या पाडायच्या. शंभर ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचा स्वयंपाक करणारा ‘सराई’ कुकरही याच संस्थेचा. 2002 मध्ये या कामाला लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण हा कोळसा अजून ‘सक्रिय’ नाही. त्यासाठी तो 800 ते 1000 अंशांवर वाफेत पुन्हा भाजावा लागतो. वाफ कार्बनचे कण खात आत शिरते, बारीक छिद्रं पाडत जाते. छिद्रं जितकी जास्त, तितकं हाती वजन कमी. नारळाची करवंटी इथे बाजी मारते, कारण ती घट्ट, कमी राखेची. तिचे दाणे टणक राहतात आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये टिकतात. ऊस पडला गवताच्या कुळातला. त्याच्या पानांत सिलिका भरपूर, आणि कोळसा बोटांनी चुरडावा इतका ठिसूळ. भुईमुगाच्या शेंगांची टरफलंही हलकी. करवंटीशी बरोबरी करण्याच्या गप्पा म्हणूनच मला पटत नाहीत.

भुकटी मात्र होते, आणि भुकटीची गरज या भागाच्या दाराशीच आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघतं. त्याचा रंग मेलॅनॉइडिन नावाच्या द्रव्यांचा. बायोगॅसच्या टाकीतून गेल्यावरही तो हटत नाही. तिथे शेवटच्या टप्प्यावर ही भुकटी उपयोगी पडते. चोथा सहवीजनिर्मितीच्या बॉयलरात जातो, त्याला हात लावायला नको. उचलायचं ते पाचट, तेही सगळं नाही. निम्मं तरी सरीत आच्छादन म्हणून राहिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. भट्टी फडाशेजारी असावी, कारण पाचटाने भरलेली ट्रॉली म्हणजे निम्मी हवाच. वाहतुकीचा खर्च फक्त कोळशावर व्हावा. वाफ देण्याचं काम कारखान्याच्या आवारात व्हावं, जिथे बॉयलर आणि तो सांभाळणारी माणसं आधीच आहेत. आणि रंग शोषून भरलेली भुकटी वाळवून त्याच बॉयलरात जाळता येते.