सांध्यात टोचलेले कॉन्ट्रास्ट आणि कूर्चापेशी

खांद्याची किंवा खुब्याची बारीक इजा साध्या एमआरआयमधून निसटते, तेव्हा सांध्यात गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट टोचतात. सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त. हे द्रव्य थेट कूर्चेला भिडते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातल्या वंगणद्रवातून होते. शिवाय प्रौढ वयात कूर्चापेशींचे विभाजन जवळजवळ थांबलेले असते. मेलेल्या पेशीची जागा सहसा रिकामीच राहते, म्हणून हे द्रव्य कूर्चापेशींना मारते का, हा प्रश्न किरकोळ नाही.

जुन्या आयनिक आयोडीन द्रव्यांत विरघळलेल्या कणांची दाटी रक्तद्रवाच्या पाचपट किंवा अधिक असते. परासरणाने पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, पेशी आकसते. नव्या बिगर-आयनिक द्रव्यांत हा ताण बराच कमी. गॅडोलिनियमचा मोकळा आयन विषारी असतो, त्यामुळे तो मोठ्या रेणूच्या पकडीत जखडलेला असतो आणि सांध्यासाठी द्रावण साधारण २०० पट पातळ करतात. पातळ करण्याच्या या प्रमाणात चूक होऊ न देणे ही सर्वांत मोलाची खबरदारी.

प्रयोगशाळेत मात्रा आणि संपर्काचा काळ वाढेल तशी पेशींची हानी वाढते. शरीरात मात्र द्रव्य काही तासांत शोषले जाते. सोबत टोचलेली बुपिव्हाकेनसारखी भुलीची औषधेही कूर्चापेशींना मारक ठरू शकतात.