सूर छापणारी माणसं

घरात किंवा वर्गात एखादं मूल गाणं किंवा पेटी शिकत असेल, तर त्याचं भातखंडे पद्धतीचं पुस्तक एकदा उघडून बघा. सा, रे, ग, म ही अक्षरं आपल्या ओळखीचीच. पण काहींच्या खाली आडवी रेघ आहे, काहींच्या वर-खाली टिंब आहे, एखाद्या 'म'च्या डोक्यावर उभी रेघ आहे. दोन-तीन स्वरांना मिळून खाली एक अर्धचंद्र काढलाय. त्याच्या खाली गाण्याचे शब्द, आणि सगळ्यात खाली तालाच्या खुणा. यातलं एक टिंब गळलं तरी सूर एका सप्तकातून दुसऱ्या सप्तकात जातो. मग ही टिंबं जागच्या जागी बसवली कोणी?

मूल संगीतात रमतं म्हटलं की आपण त्याला दोनच वाटा दाखवतो. एक तर मोठा गायक-वादक व्हायचं, नाही तर क्लास काढायचा. या दोन्हींच्या मधे एक अख्खा व्यवसाय आहे, तो म्हणजे संगीत लिहून, तपासून, छापून लोकांपर्यंत पोचवण्याचा. तिथे कान लागतो, डोळा लागतो आणि चिकाटी तर फारच लागते.

आपल्याकडे या कामाची सुरुवात केली ती माणसं मुळात प्रकाशक नव्हती. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) पेशाने वकील. त्यांनी ठिकठिकाणच्या गायकांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग मराठीत सिद्ध केले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि मुलांच्या हातात पुस्तक हवं म्हणून छपाईचीही सोय स्वतःच केली. भातखंड्यांची पुस्तकं पुढे हिंदीत आणली ती हाथरसच्या संगीत कार्यालयाने. ते 1932 साली कोणी सुरू केलं? हास्यकवी काका हाथरसी यांनी! कविसंमेलनात लोकांना खो-खो हसवणाऱ्या या माणसाने उत्तर भारतातल्या कितीतरी संगीतशिक्षकांची कपाटं भरली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता एक गंमत बघा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब डोक्यावर असलं तर मंद्र सप्तक! म्हणजे मुद्रितशोधकाचं मराठी कितीही शुद्ध असलं, तरी हा फरक त्याला ठाऊक नसेल तर तो छान तपासलेलं पान चुकीचं करून ठेवील. स्वरलिपी तपासणारा माणूस मनातल्या मनात गात गात वाचतो. त्याला गाता येत नसलं तरी चालेल, वाचलेलं ऐकू आलं पाहिजे.

युरोपात हे काम अनेक हातांत वाटलं गेलं. तिथली सगळ्यात अवघड कारागिरी कोरणाऱ्याची. कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर तो पाच टोकांच्या हत्याराने एकदम पाच रेषा ओढायचा. मग स्वरांचे पोलादी ठसे हातोडीने एकेक करून ठोकायचा. आणि हे सगळं उलटं, आरशात दिसतं तसं, उजवीकडून डावीकडे. चूक झाली तर पत्रा मागून ठोकून खड्डा बुजवायचा आणि पुन्हा ठसा मारायचा. हा धंदा शिकायला कित्येक वर्षं जायची. जर्मनीतलं लाइपझिग शहर या कामासाठी प्रसिद्ध होतं.

संपादकाचं काम वेगळं. संगीतकाराचं हस्तलिखित आणि जुन्या छापील प्रती समोर ठेवून तो ठरवतो की हा स्वर मुद्दाम लिहिलाय की हात घसरलाय. शिवाय पान कुठे संपवायचं हाही प्रश्न असतो. व्हायोलिन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, पान उलटणार कसं? म्हणून वादकाला विश्रांती आहे तिथेच पान संपेल अशी मांडणी करायची. आपण वाचताना याचा विचारही करत नाही.

या व्यवसायात माणसं शिरतात ती बहुतेक मागच्या दाराने. मिलानचा जोव्हान्नी रिकोर्दी हा नाटकगृहासाठी संगीताच्या नकला करणारा लेखनिक. तो लाइपझिगला जाऊन छपाई शिकला आणि 1808 साली त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. व्हेर्दी आणि पुच्चिनी यांचे ऑपेरा पुढे याच घराण्याने छापले. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज गर्श्विन 15 व्या वर्षी शाळा सोडून एका प्रकाशकाकडे लागला. काम काय, तर आठवड्याला 15 डॉलरवर दिवसभर पियानो वाजवून गिऱ्हाइकांना छापील गाणी ऐकवायची! अर्व्हिंग बर्लिन तर स्वतःची प्रकाशनसंस्था चालवायचा, पण त्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. तो वाजवायचा आणि पगारी माणूस ऐकून उतरवून घ्यायचा. ऐकून लिहिणं हीसुद्धा एक नोकरीच.

आज पत्रे गेले, संगणक आला. 'सिबेलियस' हा प्रोग्रॅम 1993 साली दोन जुळ्या भावांनी बाजारात आणला. 'म्यूझस्कोअर' तर फुकट मिळतो, घरच्या संगणकावर मुलं शिकू शकतात. पण एकाच साधनावर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं. 'फिनाले' या जुन्या, नावाजलेल्या प्रोग्रॅमचा विकास थांबवल्याची घोषणा 2024 मध्ये झाली आणि त्यावर आयुष्यभर काम केलेल्यांना नव्याने शिकायची वेळ आली. आणि हे सगळे प्रोग्रॅम पाच रेषांच्या लिपीसाठी घडवलेले. भातखंडे पद्धतीची मांडणी हवी असेल तर आजही बरीच हातजुळणी करावी लागते. मला विचाराल तर मराठी मुलाला खरी संधी इथेच आहे, कारण देवनागरी, ताल आणि संगणक तिन्ही जाणणारी माणसं थोडी आहेत.

हक्कांचं कामही याच व्यवसायातलं. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती'ची व्याख्या आधी अशी होती की ती छापलेली किंवा लिहिलेली हवी. म्हणजे नुसत्या गाऊन बांधलेल्या चालीला, ती कागदावर उतरेपर्यंत, संगीतकृती म्हणून संरक्षण नव्हतं. 1994 च्या दुरुस्तीने ही अट गेली. कायदा शिकणाऱ्या आणि गाण्याची समज असलेल्या मुलाला परवाने, मानधन, करार या कामात जागा आहे.

पालकहो, एक मात्र स्पष्ट सांगते. हा व्यवसाय लहान आहे, पगारी जागा मोजक्या आहेत, आणि पुष्कळ लोक हे काम दुसऱ्या नोकरीबरोबर करतात. त्यामुळे पदवी सोडून यामागे लागा असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण मुलाचा कल आहे का, हे वर्गातही कळतं. सगळ्यांना पाठ असलेलं एखादं बालगीत घ्या. ज्यांना स्वर ओळखता येतात अशा दोघांना त्याची स्वरलिपी लिहायला सांगा, गाण्याचे शब्द न लिहिता. तो कागद तिसऱ्याला द्या आणि फक्त कागदावरून गायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे लाल पेनने खूण करा आणि कागद लिहिणाऱ्यांना परत द्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कागद हसत हसत परत घेणारं मूल कोण आहे, ते बघून ठेवा.