काट्यावरचं वजन आणि पेट-स्कॅनचा आकडा

जालन्यात मस्तगड भागातल्या एखाद्या स्थूल बाईला कर्करोग कुठवर पसरला हे पाहण्यासाठी पेट-सीटी सांगितलं, की घरचे विचारतात, "एवढ्या अंगातून मशीनला दिसेल का?" प्रश्न रास्त आहे.

या तपासणीत शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. तिच्यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर अधाशासारखी ओढतात, म्हणून यकृतात, हाडात पोचलेली गाठही उजळते. तिच्यातून गॅमा किरणांच्या जोड्या निघतात. जोडीतले दोन किरण उलट दिशांना धावतात. दोन्ही बाहेर पडले तरच यंत्र ती जोडी मोजतं. साधारण दर सात सेंटिमीटरला सुटणाऱ्या जोड्या निम्म्या होतात. २१ सेंटिमीटर जाडीच्या शरीरातून आठातली एक सुटते, ४२ सेंटिमीटरमधून चौसष्टातली एकच. लहान गाठ हरवते ती इथे. म्हणूनच स्थूल रुग्णाला टेबलावर जास्त वेळ ठेवतात. नवी यंत्रं जोडीतला कोणता किरण किती आधी पोचला तेही टिपतात. शरीर जितकं रुंद, तितका त्याचा फायदा मोठा.

चरबी नेहमी आडच येते असं नाही. सीटीवर ती काळसर दिसते आणि अवयवांच्या कडा वेगळ्या काढते. किडकिडीत माणसाच्या पोटात आतडं कोणतं आणि लसिकाग्रंथी कोणती, हे ओळखणं उलट कठीण जातं.

मला जास्त काळजी वाटते ती अहवालातल्या 'एसयूव्ही'ची. गाठीनं साखर किती ओढली, हे तो आकडा रुग्णाच्या वजनाच्या हिशेबात सांगतो. पण चरबी ही साखर फारशी घेत नाही, त्यामुळे स्थूल रुग्णाच्या निरोगी यकृताचाही आकडा फुगतो. उपचारांत वीस किलो उतरले, तर गाठ तशीच असूनही आकडा खाली येऊ शकतो आणि औषध लागू पडलं असं वाटतं.

शिवाय वजनावरून चरबी कळतेच कुठे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची जोडी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये झळकली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

औषध लागू पडलं का हे पेट-स्कॅनवरून ठरवण्याच्या २००९ च्या 'पर्सिस्ट' निकषांनी वजनाऐवजी चरबी वगळून उरणारं शरीर हिशेबात धरलं. ते सहसा उंची-वजनाच्या सूत्रानं काढतात, म्हणजे तोही अंदाजच. सीटीवर चरबी प्रत्यक्ष दिसत असताना ती तिथूनच मोजावी, असं मला ठामपणे वाटतं. तोवर रुग्णानं उंची आठवणीवर सांगू नये, चपला काढून मोजून घ्यावी. वजन दर स्कॅनला नव्यानं करावं आणि मागच्या तपासणीची सीडी सोबत न्यावी.