आपल्याच वर्गाइतक्या संख्या

पांच पांचे पंचवीस, हें पाढे घोकणाऱ्या मुलासहि ठाऊक असतें. एकंस्थानीं पुन्हां पांचच. पंचविसाचा वर्ग ६२५. शेवटीं २५ कायम. ६२५ चा वर्ग ३९०६२५. शेवटीं ६२५ कायम. त्यांतील शेवटचे पांच अंक घ्यावे, तर ९०६२५ चा वर्ग ८२१२८९०६२५ येतो. पांचहि अंक जसेच्या तसे! सहापासून निघाल्यास ६, ७६, ३७६, ९३७६ अशी दुसरी मालिका मिळते.

या मालिका डावीकडे कधींच संपत नाहींत. अनंत अंकांपर्यंत नेल्यास त्यांतून ज्या दोन संख्या होतील, त्या आपल्या वर्गाशीं, आणि म्हणून घनाशीं व पुढील प्रत्येक घाताशींहि, तंतोतंत समान ठरतील. ही निव्वळ कविकल्पना नव्हे. बेरीज व गुणाकार उजवीकडून सुरू होतात आणि हातचा डावीकडे जातो. म्हणून कोणत्याहि स्थानचा अंक ठरविण्यास त्याच्या डावीकडचे अंक लागतच नाहींत. व्यवहारांतील संख्यांत हा मान फक्त शून्य व एक यांचा. येथें मात्र मानकरी चार.

परंतु या नवलाची किंमत जबर आहे. ६२५ व ३७६ यांचा गुणाकार २३५०००. जितके अंक घ्यावे, तितकीं शून्यें शेवटीं येतात. अनंत अंकांचा गुणाकार शून्यच! दोहोंपैकीं एकहि संख्या शून्य नसतां असें घडतें. गुणाकार शून्य असल्यास एक तरी अवयव शून्य असलाच पाहिजे, या ज्या नियमावर शाळेंतील वर्गसमीकरणें सुटतात, तोच येथें ढासळतो.

दोष आहे दहाचा. संख्या व तिचा वर्ग यांतील अंतर म्हणजे ती संख्या गुणिले तिच्या आधींची संख्या. शेवटीं तीन शून्यें हवींत, तर या गुणाकारास ८ व १२५ या दोहोंनीं भाग गेला पाहिजे. लगतच्या संख्यांना सामाईक अवयव नसतो. पण ६२५ ला १२५ नें व ६२४ ला ८ नें भाग जातो. दहा हे दोन व पांच यांचे बनलेले, म्हणूनच ही वांटणी साधते. पाया सातासारखी मूळ संख्या असेल, तर वांटण्यास कांहीं उरतच नाहीं. मानकरी पुन्हां शून्य व एक.

जर्मन गणिती कुर्ट हेन्सेल यांनीं १८९७ सालीं मांडलेल्या संख्या अशा मूळ पायावरच उभ्या आहेत. तेथें तो नियम अबाधित राहतो. बाजारहिशोबास दहाचा पाया सोयीचा खरा. पण तो बोटांच्या संख्येवरून आलेला आहे, गणिताच्या गरजेंतून नव्हे.